कान्हेरी, रविवारी

रविवार, सकाळचे साडेदहा. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून वर आलेली बस रिकामी होतेय तोवर तिच्या मागे दुसरी येऊन उभी राहते. लेण्यांच्या तिकिटाची रांग वेगळी. वाटेत काकडीच्या फोडी, तिखटमीठ, आणि तुमच्या पिशवीवर डोळा ठेवून बसलेली माकडं. शांतता हवी म्हणून आला असाल, तर वार चुकला. सोमवारी या म्हणावं, तर सोमवारी लेणी बंद.

हे लेणं क्रमांक तीन, इथला मोठा चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह. व्हरांड्याच्या दोन टोकांना वीस फुटांहून उंच बुद्ध उभे आहेत, आणि त्यांच्या पायाशी सेल्फीसाठी नंबर लागलेत. आत खांबांच्या दोन ओळी, शेवटी स्तूप. एक मुलगा 'ओऽऽ' करून आवाज घुमतो का बघतो. घुमतो. मग काय, सगळीच पोरं सुरू होतात.

हे लेणं व्यापारी भावांनी खोदवलं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. डोंगरभर शंभरावर लेणी, आणि भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं. कल्याणचा सोनार. कल्याणचा लोहार. सोपाऱ्याचा व्यापारी. कोणी खोली दिली, कोणी 'पोढी', म्हणजे पाण्याचं टाकं. पावसाचं पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींतून त्यात उतरतं, अजूनही. कल्याण आणि नालासोपारा तर आजच्या बसमध्येही होतेच.

वर चढत गेलं की गर्दी विरळ होते. गुडघ्यांची कृपा.

नव्वदाव्या लेण्यात पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत. 1009 आणि 1021 साली इथे आलेल्या पारशी मंडळींनी भिंतीवर आपली नावं कोरली. दान नाही, नवस नाही. आलो, पाहिलं, ही आमची नावं. रखवालदार नव्हता, हे त्यांचं नशीब.

खालच्या एका लेण्यात कुणा बंटीनं बदामात दोन अक्षरं खरडलीत. राग येतो. यायलाच हवा. पण पहलवी लेखापुढे मी मघाशी हरखून उभा होतो, तेही आठवतं, आणि राग थोडा अडखळतो.

शिट्टी वाजते. भिंतीपाशी रेंगाळणारा एक पोरगा हातातली किल्ली खिशात टाकतो.