राणीने धोका दिला नाही! ‘भातुकलीच्या खेळामधली’चा अर्थ

नमस्कार मंडळी! “ताई, ‘भातुकलीच्या खेळामधली’ गाण्यात राणी राजाला सोडून का जाते?” हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज बसूनच बोलू. त्या प्रश्नाखाली कुणीतरी हमखास लिहितं, “धोका दिला, दुसरं काय!” ते वाचून मला खरंच वाईट वाटतं.

शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल यशवंत देवांची, आवाज अरुण दातेंचा. हे माहीतच आहे, पुढे जाऊ.

पहिल्या कडव्यात राजा म्हणतो, ‘माझ्या नशिबासवे बोलती तुझ्या हातच्या रेषा’. इथे थांबा. हात कुणाचा? तिचा. नशीब कुणाचं? त्याचं! तिचा हात हातात घेऊन तो त्यात स्वतःचं भाग्य वाचतोय. तिला त्या रेषांत काय दिसतंय, हे विचारतच नाही. आणि लगेच पुढच्या ओळीत तिचे डोळे भरून येतात. तिला कळलंय हो, त्याच्या आधी!

माझी मावशी कणीक मळताना हे गाणं लावायची. ही ओळ आली की पिठाच्या बोटानेच कॅसेट मागे घ्यायची. टेपच्या त्या एका बटणावर कायम पांढरा डाग. लहानपणी मला वाटायचं, तिला चाल आवडते. आता कळतं, ती शब्द ऐकत होती. यशवंत देवांनी तर ‘शब्दप्रधान गायकी’ नावाचं पुस्तकच लिहिलंय, त्यांच्या चालीत शब्द कधी दबत नाही.

बरं, अजून पटत नसेल तर दुसरं कडवं घ्या. ‘उद्या पहाटे दुसऱ्या वाटा’ हे राणी स्वतः सांगते, आदल्या दिवशी. धोका देणारं माणूस असं आधी सांगतं का? कवी पुढे स्पष्ट म्हणतो, राजाला ते उशिरा कळलं. आणि त्या बोलण्याला शब्द कोणता वापरलाय? ‘अटळ’. तिच्या हातात काही उरलेलंच नाही.

आणि मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवात! ‘अर्ध्यावरती डाव मोडला’ म्हटलंय, ‘हरला’ नाही. आम्ही चाळीच्या गॅलरीत भातुकली मांडायचो, बोळक्यांत चुरमुऱ्यांचा भात, गूळ-दाण्यांचा लाडू. दिवेलागणीला कुणाची तरी आई हाक मारायची. जिला हाक आली ती उठायची, डाव मोडायचा. मागे उरलेल्याला रडू यायचं, पण उठून जाणारीवर कुणी आळ घेत नसे. पाडगावकरांनी भातुकलीच का निवडली, ते इथे कळतं.

जाता जाता, एकाने लिहिलंय की गाण्याच्या शेवटी येणारा ‘विराणी’ हा शब्द म्हणजे राणीवाचून. नाही हो, विराणी म्हणजे विरहाचं गाणं. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आठवा, ‘घनु वाजे घुणघुणा’. पण त्या शब्दात ‘राणी’ ऐकू येते, हे मात्र अगदी खरं. मलाही येते.