अथेन्समध्ये उतरायचं कुठे?

मंडळी, विषय पत्रिकेत छापलेलाच आहे: अथेन्सला गेलं तर कुठल्या वस्तीत राहायचं. मघाशी चहाच्या वेळी कळलं की तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तिकिटंही काढून झाली आहेत. वह्या उघडल्यात, उत्तम. एकेका वस्तीवर मी येणारच आहे. पण त्याआधी एक खंत बोलून टाकते, कारण आजचा विषय मी तिच्यामुळेच मागून घेतला.

आपल्याकडच्या गटसहलींना जुन्या शहरांत मुक्काम कुठे देतात? शहराबाहेर, महामार्गाला लागून. तिथे बस उभी करायला जागा मिळते, चाळीस खोल्या एकदम मिळतात, दर बरा पडतो. सहल कंपनीची अडचण मला कळते. पण त्याची किंमत प्रवासी मोजतो. अशा एका सहलीत मी होते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे बहुतेकांचंच आहे. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या. आयुष्यभर इतिहास शिकवलेला. त्यांना पार्थेनॉन, म्हणजे अथेना देवीचं प्राचीन मंदिर, बघायचं होतंच, पण खरी ओढ होती त्याच्या पश्चिमेच्या टेकडीची, प्निक्सची. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकापासून अथेन्सची नागरिकसभा तिथे उघड्यावर भरायची. काही ठरावांना ६,००० नागरिकांची हजेरी लागे. खडकात कोरलेला वक्त्याचा चौथरा आजही तिथे उभा आहे. मुलांना लोकशाही शिकवताना फळ्यावर काढलेली ती टेकडी त्यांना एकदा पायाखाली हवी होती, बस.

आता दिवस कसा गेला ऐका. सकाळी सातला नाश्ता. मग सगळे जमेपर्यंत वाट, मग बस, मग वाहतुकीची कोंडी. ॲक्रोपोलिसच्या, म्हणजे पार्थेनॉन जिच्यावर आहे त्या टेकडीच्या, दारात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेलेले, आणि पिरेयस बंदरात लागलेल्या क्रूझ जहाजांचे सगळे प्रवासीही नेमके तेव्हाच तिथे. जूनचं ऊन. संगमरवर वरूनही तापतो आणि खालूनही. मग जेवण, मग संसदेसमोरच्या पहारेकऱ्यांबरोबर फोटो, आणि साडेपाचला परत हॉटेलवर. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो नऊच्या सुमाराला! म्हणजे दिवसातले सर्वांत सुंदर तीन-साडेतीन तास आम्ही लॉबीत बसून समोरचा पेट्रोल पंप पाहत होतो. बाईंनी सहल व्यवस्थापकाला विचारलं, "मला आत्ता प्निक्सवर जाऊन येता येईल का?" तो मुलगा भला होता. म्हणाला, "मॅडम, टॅक्सी फार महाग पडेल, आणि तुम्हाला एकटं कसं सोडू?" दोघांचंही बरोबर होतं. बाई प्निक्स न बघताच घरी आल्या.

हे मला सहन होत नाही. आणि म्हणूनच माझं म्हणणं असं: जुन्या शहरात वस्ती निवडताना आपण खोली निवडत नसतो, शहराचे तास निवडत असतो. दुपार सगळ्यांनाच मिळते. सकाळी आठच्या आधीचं आणि संध्याकाळी सहानंतरचं अथेन्स फक्त तिथे चालत पोचणाऱ्यालाच मिळतं. आता तर हे अधिकच खरं झालंय. सप्टेंबर २०२३ पासून ॲक्रोपोलिसवर दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि ठरावीक वेळेची तिकिटं आहेत. जुलै २०२३ आणि जून २०२४ मध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा भर दुपारी ते चक्क बंद ठेवलं होतं. दुपारच्या भरवशावर आलेला माणूस दारातून परत!

राहण्यासाठी सर्वांत मोक्याची जी वस्ती होती ती मात्र आज अस्तित्वातच नाही. तिचं नाव व्रिसाकी. ॲक्रोपोलिसच्या वायव्येला, पायथ्याशीच. झालं असं की १८३४ मध्ये अथेन्स नव्या ग्रीसची राजधानी झालं, तेव्हा ते अगदी लहान गाव होतं. आदल्या वर्षी क्लेआन्थिस आणि शाउबर्ट या दोन वास्तुविशारदांनी शहराचा आराखडा केला होता. त्यात त्यांनी सुचवलं होतं की जुन्या अवशेषांचा भाग उत्खननासाठी मोकळा ठेवा. सरकारकडे पैसा नव्हता, लोकांना घरं हवी होती. घरं झाली. पुढे जवळजवळ शंभर वर्षं तिथे संसार चालले. मग १९३१ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी प्राचीन अगोरा, म्हणजे सॉक्रेटिस जिथे लोकांना गाठून प्रश्न विचारायचा तो चौक, खणायला घेतला आणि व्रिसाकीची साडेतीनशेच्या वर घरं पाडली गेली. दहाव्या-अकराव्या शतकातलं पवित्र प्रेषितांचं चर्च तेवढं राहिलं. अगोरा मिळाला याचा मला अतोनात आनंद आहे. पण तिथे फिरताना, इथे कुणाचं तरी स्वयंपाकघर होतं, हे माझ्या मनातून जात नाही.

आणि जी घरं पुरातत्त्वासाठी पाडली नाहीत ती बिल्डरांनी पाडली. हे तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही. जागामालक जमीन देणार, बिल्डर स्वतःच्या पैशानं इमारत बांधणार, मालकाला बदल्यात दोन-तीन फ्लॅट. (हशा) हो, आपल्या वाड्यांचा पुनर्विकास, अगदी तोच! १९२९ च्या कायद्यानं तिथे मजल्यागणिक वेगळी मालकी शक्य झाली आणि महायुद्धानंतर या पद्धतीनं जवळपास अख्खं शहर नव्यानं उभं राहिलं. म्हणून अथेन्स पहिल्या दिवशी सिमेंटचं दिसतं, लोक हिरमुसतात. हिरमुसू नका. त्याच इमारतींच्या तळमजल्यावर बेकरी आहे, चांभार आहे, औषधाचं दुकान आहे. मधल्या मजल्यांवर वकील, दंतवैद्य. वर आजी-आजोबा बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालताना दिसतात. आणि पाडलेल्या जुन्या घरांचे दगड? दिमित्रिस पिकिओनिस नावाच्या वास्तुविशारदानं १९५४ ते ५७ मध्ये ॲक्रोपोलिसच्या पश्चिमेच्या टेकड्यांवर पायवाटा केल्या, त्यांत हे दगड, संगमरवराचे तुकडे हातानं जुळवून बसवले. त्या वाटा सावकाश चाला. मला विचाराल तर विसाव्या शतकातलं अथेन्समधलं सर्वांत सुंदर बांधकाम तेच.

चिठ्ठी आली. दहाच मिनिटं म्हणतायत. बरं, भराभर घेते, लिहून घ्या.

कुकाकी. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी इथेच राहावं, तिथे नाही तर लगतच्या माक्रियानीत. ॲक्रोपोलिसची दक्षिण बाजू. मेट्रोची दुसरी लाईन, स्थानकं आक्रोपोली आणि सिंग्रू-फिक्स. विमानतळासाठी सिंताग्माला एकदा गाडी बदलायची. दिओनिसिऊ अरेओपागितू या पादचारी रस्त्यावरचं ॲक्रोपोलिसचं दार सकाळी आठला उघडतं, तिथे चालत जा. प्निक्सही पायी.

प्लाका सुंदर आहे, जरूर फिरा. तिच्या माथ्यावर अनाफिओतिका आहे, अनाफी बेटावरून राजवाड्याच्या बांधकामाला आलेल्या गवंड्यांनी वसवलेली चिमुकली पांढरी घरं. पण प्लाकात राहू नका. पायऱ्या फार, आणि स्थानिक माणूस रोजच्या भाजीला जाताना क्वचितच दिसतो.

मोनास्तिराकी आणि प्सिरी: मेट्रो उत्तम, झोप नाही. तरुणांनी खुशाल राहावं.

थिसिओ आणि पेत्रालोना: पहिल्या लाईनवर, थेट पिरेयसला जाणारी. बेटांवर जायचं असेल तर सोयीचं, आणि जेवणाची साधी, चांगली ठिकाणं इथे आहेत. शाकाहारी मंडळींनी इथे कान द्या. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास वर्षात खूप दिवस असतात, त्यामुळे वस्तीतल्या खाणावळीत तेलात शिजवलेल्या भाज्या, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची 'यिगांतेस', उकडलेला पाला, पिवळ्या डाळीची 'फावा' हमखास मिळते. उपवासाचं म्हणून मागितलंत तर 'निस्तीसिमो' म्हणा. मांस, मासे, दूध, अंडं नसतं. मात्र कोळंबी, ऑक्टोपस त्यांना उपवासाला चालतात, तेवढं विचारून घ्या.

पांग्राती: आठवडाभर किंवा जास्त राहणाऱ्यांसाठी माझी आवडती. १८९६ च्या ऑलिम्पिकचं संगमरवरी स्टेडियम हाकेच्या अंतरावर. मेट्रोला चालावं लागतं, पण संध्याकाळी चौकात आजोबा, नातवंडं, सगळं अथेन्स असतं.

एक्झार्खिया: विद्यार्थ्यांची, चळवळींची वस्ती. नोव्हेंबर १९७३ मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध विद्यार्थी उठले ते पॉलिटेक्निक इथलंच, राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय त्याला लागून. शनिवारी कालिद्रोमिऊ रस्त्यावर मंडई भरते. चढ आहे, गुडघे सांभाळा.

ओमोनिया स्वस्त आहे, आपल्याकडचं पीठ-डाळ-मसाला आसपास मिळतो, पण रात्री उशिरा एकटीनं फिरायला मी सुचवणार नाही. पिरेयसला फक्त पहाटेची बोट असेल तर आदली एक रात्र. ग्लिफादा समुद्रासाठी, इतिहासासाठी नव्हे.

शेवटचं. भाड्याचं घर घेत असाल तर मजला आणि लिफ्ट विचारा. स्वस्त दिसणारी खोली पुष्कळदा अर्धी जमिनीखाली असते. आणि सरकारी नोंदणी क्रमांक जाहिरातीत आहे का बघा. पर्यटकांना देण्यासाठी इतकी घरं गेली की अथेन्सच्याच लोकांना भाडं परवडेना. म्हणून १ जानेवारी २०२५ पासून शहराच्या मधल्या तीन विभागांत अशा घरांची नवी नोंदणी थांबवली आहे. क्रमांक नसेल तर ते घर सोडा. कुटुंबानं चालवलेलं छोटं हॉटेल मिळालं तर आधी ते घ्या, शेजाऱ्यांची वस्ती शेजाऱ्यांना राहू दे.

दोन प्रश्न घेता येतील म्हणतायत. हं, मागच्या रांगेतून, बोला.