कोयनाकाठचं रान आणि ४७ जी/१०

वासोटा किल्ल्यावर जायचं म्हणजे बामणोलीहून लाँचने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडायचा, मेट इंदवलीला वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची आणि रानात शिरायचं. तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. तिथे उतरलं की कुणीतरी हमखास म्हणतं, माणसाचा हातच लागलेला नाही या जंगलाला. मित्रहो, हात लागला होता, आणि चांगला पिढ्यान्‌पिढ्या लागला होता. हे पाहायचं असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाची ४७ जी/१० ही जुनी टोपोशीट, म्हणजे डोंगर-उतार, नद्या, वाटा दाखवणारा नकाशा, समोर पसरा.

ही शीट धरणाआधीची हवी: इंचाला मैल मापाची, उंची फुटांत दिलेली. शेजारी १:५०,००० ची नंतरची मेट्रिक शीट ठेवा. नव्या शीटवर जिथे निळं पाणी पसरलंय, तिथे जुन्या शीटवर कोयना ही नुसती एक नदी आहे. महाबळेश्वरहून निघून दक्षिणेला वाहते आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळते. तिच्या काठाने गावं, वाड्या, देवळं आहेत. १९६० च्या दशकात पाणी अडलं आणि हे सगळं खाली गेलं.

पण माझा जीव अडकतो तो पाण्याच्या वरच्या भागात. तिथे सावकाश बघा. डोंगराच्या चढावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाटीने येतात आणि एके ठिकाणी अचानक फाकतात. तिथे पठार आहे. जवळून ओढ्याची निळी रेघ निघते आणि तिच्या कडेला घरांच्या दोन-चार खुणा. तो बहुधा धनगरवाडा. त्याच्यापासून निघालेली तुटक रेघ घाटमाथ्यावर जाते आणि कोकणात उतरते. वासोट्याजवळच्या नागेश्वर या देवस्थानाहून कोकणातल्या चोरवण्याला उतरणारी वाट अशीच. महाशिवरात्रीला खेडकडची माणसं आजही त्या वाटेने वर येतात.

नकाशा सगळंच सांगतो असं मात्र समजू नका. सर्व्हेची माणसं पाऊस संपल्यावर फिरायची. उतारावरची वरी-नाचणीची कुमरी, म्हणजे फिरती शेती, दर काही वर्षांनी जागा बदलायची, आणि सोडून दिलेल्या तुकड्यावर झुडपं माजायची. कागदावर ते सगळं जंगलच. इंग्रजी अमदानीत जंगलखात्याने कुमरीवर निर्बंध घातले, त्यामुळे ती कसणाऱ्यांचा माग नकाशात अजूनच पुसट होतो. १९८५ साली अभयारण्य झालं, २०१० साली व्याघ्र प्रकल्प. आज आपण पाहतो त्या दाट रानाच्या बऱ्याच भागाचं वय एका माणसाच्या आयुष्याएवढंच असावं, असं माझं मत आहे.

म्हणून नकाशा घेऊन आधी रानात जाऊ नका. कोयनेचे धरणग्रस्त ठाणे, रायगड, सोलापूर अशा जिल्ह्यांत वसवले गेले. तिथल्या म्हाताऱ्या माणसांपुढे शीटची मोठी प्रत ठेवा. कुठलं पाणी उन्हाळ्यात टिकायचं, कुठल्या वाटेने बाजार गाठायचे, कुठल्या सड्यावर (खडकाळ पठारावर) गुरं चरायची, ते विचारा आणि तिथल्या तिथे पेन्सिलने लिहून घ्या. धरण झालं तेव्हा जी पोरं होती, ती आज सत्तरीच्या पुढे आहेत. हे काम याच हिवाळ्यात सुरू करा.