लाल रेघेची गोळी

(दृश्य: वागळे इस्टेट, ठाणे. रात्रीची वेळ, औषधाचं दुकान.)

कात्री चालते. सर्दीसाठी मागितलेल्या अँटिबायोटिकच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाच्या, दहाच्या पट्टीतल्या तीन गोळ्या कापून कागदी पाकिटात पडतात. पट्टीवर उभी लाल रेघ आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही गोळी घ्यायची नाही, याची ती खूण. चिठ्ठी कुणी मागितली नाही, कुणी दाखवली नाही.

‘अंगाला या गोळीची सवय झाली,’ असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. सवय अंगाला होत नाही. बदलतात ते जंतू.

(दृश्य: पॅथॉलॉजी लॅब. काचेची बशी, अगदी जवळून.)

कळव्याच्या एका आजींच्या लघवीतले हे ई. कोलाय जंतू. रात्रभर 37 अंशांवर वाढून त्यांनी बशीभर दुधी साय धरली आहे. वर कागदाच्या टिकल्या, प्रत्येकीत वेगळं अँटिबायोटिक. या टिकलीभोवती स्वच्छ रिंगण पडलंय. इथे जंतू वाढू शकले नाहीत. आणि ही बघा. साय थेट टिकलीला येऊन भिडली आहे.

हे होतं कसं? पोषक अन्न मिळालं की ई. कोलाय वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. याच वेगाने 10 तासांत एकाचे 100 कोटींवर. एवढ्या नकला काढताना जनुकांत चुका होणारच. बहुतेक चुका वाया जातात. एखादीमुळे मात्र जंतू आत आलेलं औषध जोरात बाहेर उपसू लागतो. काहींकडे तर पेनिसिलिन तोडणारं विकरच, म्हणजे एन्झाइमच असतं. ते 1940 सालीच सापडलं होतं, पेनिसिलिन दवाखान्यांत पोचायच्याही आधी. औषध आलं की बाकीचे मरतात, हे उरतात, आणि मोकळी झालेली सगळी जागा यांची.

मला खरी धास्ती वाटते ती पुढच्या गोष्टीची. जंतूला औषधापासून वाचवणारी ही जनुकं बरेचदा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या वेटोळ्यावर असतात. जंतू त्याची नक्कल शेजारच्याला देतो, कधी दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा. सर्दी विषाणूमुळे होते, त्यामुळे त्या तीन गोळ्यांनी सर्दीचं काहीच बिघडत नाही. आतड्यातले साधे, निरुपद्रवी जंतू तेवढे मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे राहतात. उद्या रोगाचा जंतू आला, की ती वेटोळी त्याला तिथेच मिळू शकतात.

(दृश्य: पुन्हा लॅब. रिपोर्टचा कागद.)

तंत्रज्ञ ताई पट्टीने रिंगणं मोजताहेत. एकेका औषधापुढे ‘आर’ लिहिला जातोय. आर म्हणजे रेझिस्टंट. पोटात घ्यायची एकही गोळी आता लागू पडणार नाही. लागू पडणारं जे उरलं, ते शिरेतून द्यावं लागेल. आजींना ॲडमिट व्हावं लागणार.