कूलंट नेमकं केव्हा गळतं?

मंडळी, मोटरसायकलचा होज (कूलंट वाहणारी रबरी नळी) फाटला, रेडिएटर फुटला, गाडीखाली थारोळं साचलं, तर त्याच्या निदानाला व्याख्यान लागत नाही. आज बोलायचंय ते चोरट्या गळतीबद्दल. रेडिएटरला जोडलेल्या छोट्या रिझर्व्ह टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, हळूहळू बोटभर खाली जातं. गाडी तापत नाही, जमिनीवर डाग नाही, कधीतरी गाडी थांबवल्यावर गोडसर वास तेवढा येतो. टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या, गाडीवाल्याला हे जास्त छळतं. इंजिनाला चारी बाजूंनी फेअरिंगचं, म्हणजे बाहेरच्या आवरणाचं, चिलखत असतं, त्यामुळे दिसत काही नाही. आणि सामान लादून लांबच्या पल्ल्याला निघायचं असतं, त्यामुळे दुर्लक्षही करवत नाही.

अशा वेळी माणूस टॉर्च घेऊन खाली वाकतो आणि कुठे गळतंय ते शोधू लागतो. माझं म्हणणं असं की ‘कुठे’ हा दुसरा प्रश्न आहे, पहिला आहे ‘केव्हा’. इंजिन थंडगार असताना गळतं? पूर्ण तापल्यावर? चालताना? की बंद करून उभी केल्यावर? याचं उत्तर हाती आलं की संशयितांची यादी एकदम आखूड होते आणि फेअरिंगचा कोणता पत्रा आधी उघडायचा तेही कळतं.

त्याच्याही आधी, खरंच गळतंय का ते बघा. रिझर्व्ह टाकीची पातळी गाडी सरळ उभी असतानाच वाचायची. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि टाकीतलं पाणीही कलतं. काल डबल स्टँडवर बघितलं, आज साइड स्टँडवर, आणि मधल्या मध्ये कूलंट ‘गायब’! शिवाय टाकीला हवा जायला वाट असते, तिथून थोडं पाणी उडून जातंच. आणि नुकतंच कूलंट बदललं असेल तर आत अडकलेली हवा निघेपर्यंत पातळी थोडी उतरते. ही गळती नव्हे.

आता टाकीवर चिकटपट्टी लावा आणि पेनाने खुणा करा. सकाळी थंड गाडीची एक खूण, चांगली तासभर चालवून आणल्यावर दुसरी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी. हे एवढं साधं काम कुणी करत नाही, आणि अर्धं निदान त्यातच असतं. रेडिएटरच्या झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब धरून ठेवतो, साधारण १.१ बारपासून पुढे, गाडीनुसार कमीजास्त. प्रेशर कुकरचंच तत्त्व: अर्धं कूलंट, अर्धं पाणी असं मिश्रण उघड्यावर १०७ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, तेच या दाबाखाली सव्वाशेच्या घरात जातं. गरम होऊन फुगलेलं जादा कूलंट या व्हॉल्व्हमधून रिझर्व्ह टाकीत येतं. दुसरा व्हॉल्व्ह उलट दिशेचा. इंजिन गार होताना आत निर्वात तयार होतो आणि तेच कूलंट टाकीतून परत ओढलं जातं. म्हणजे पातळी गरम असताना वर आणि सकाळी पुन्हा पहिल्या खुणेवर, असा श्वासोच्छ्वास चालला पाहिजे.

तिसरी खूण पहिलीवर आली नाही, वरच राहिली, तर समजायचं की परत ओढताना कूलंटऐवजी हवा आत जातेय. झाकणाचं रबर कडक झालंय, टाकीच्या बारक्या नळीला चीर गेलीय, किंवा कुठेतरी सुईच्या अग्राएवढी फट आहे, जी बाहेर थेंब टाकत नाही पण हवा आत घेते. इथे फसगत होते. टाकी भरलेली दिसते म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि रेडिएटर वरून रिकामा होत असतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आतली पातळीही बघायची; कूलंट काठोकाठ दिसलं पाहिजे. पूर्ण थंड म्हणजे रेडिएटरवर तळहात निवांत ठेवता येईल इतकं थंड. गरम असताना ते झाकण उघडलंत तर दाब जातो, आतलं कूलंट क्षणात उकळतं आणि चेहऱ्यावर येतं. (काही गाड्यांत टाकीच दाबाखाली असते आणि झाकण तिच्यावरच असतं. तिथे हा हिशेब वेगळा, पुस्तिका बघा.)

आता ‘केव्हा’कडे येऊ. थंडीतली गळती सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकते. रात्रभर गारठ्यात उभ्या गाडीखाली सकाळी दोन थेंब दिसतात. गाडी सुरू करून तापवली की गळती बंद. मेकॅनिककडे नेईपर्यंत सगळं कोरडं, आणि तो म्हणतो, काही नाही साहेब. यात कारण बहुधा एकच असतं: होज आणि त्याच्यावरची क्लिप. गारठ्यात धातूची नळी आकसते, जुनं रबर कडक पडलेलं असतं, ते तिच्यामागे जात नाही. आणि स्क्रूची क्लिप जिथे आवळली तिथेच राहते. तापल्यावर रबर फुगून फट बुजते. स्प्रिंगची क्लिप स्वतःच दाब धरून राहते, म्हणून तिच्या बाबतीत हे कमी होतं. उपाय थंड गाडीवरच करायचा. क्लिप पाव आटा आवळा आणि थांबा. पिळून काढू नका. तिच्या पट्टीच्या कडा रबरात रुततात, आणि खाली प्लॅस्टिकचं नळकांडं असेल तर ते तडकतं. पाव आट्याने भागलं नाही तर होज बदलायला झालाय.

व्ही-फोर, म्हणजे इंग्रजी ‘V’ आकारात चार सिलिंडर बसवलेल्या, इंजिनांत हे जास्त त्रासदायक. सिलिंडरांच्या दोन जोड्यांच्या मधल्या घळीत होज आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) दाटीवाटीने बसवलेले असतात. गळलेलं कूलंट त्या घळीत साठतं, आणि गाडी उतारावर लागली किंवा ब्रेक दाबला की भलत्याच ठिकाणाहून खाली येतं. तिथे वरून, पेट्रोलची टाकी उचलून बघावं लागतं. खालून बघून काही उपयोग नाही.

गरम असतानाची गळती उलट्या स्वभावाची. थेंब पडण्याआधीच वाफ होऊन जातो, मागे राहतो तो फक्त क्षार. कूलंटच्या रंगाप्रमाणे हिरवट, गुलाबी किंवा पांढुरकी खपली. मला थेंबापेक्षा या खपलीवर जास्त भरवसा वाटतो. थेंब वाऱ्याने मागे ढकललेला असतो, फेअरिंगच्या आतून ओघळत एखाद्या खाचेतून बाहेर पडलेला असतो. खपली जागा सोडत नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची खपली शोधायची, मूळ तिच्याजवळ असतं. रेडिएटरच्या जाळीवर असा रंगीत ठिपका दिसला तर बहुतेक खडा लागलेला असतो; तिथे जास्त विचार करायचं कारण नाही.

वॉटर पंपाबद्दल मात्र सविस्तर सांगतो. पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात, कूलंटच्या बाजूला मेकॅनिकल सील आणि इंजिनाच्या बाजूला ऑइल सील. दोन्हींच्या मधून पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. कुठलंही सील हरलं तर त्याचं द्रव दुसऱ्याच्या घरात न जाता इथून बाहेर यावं, एवढ्यासाठी. या भोकाच्या ओठावर नुसती वाळलेली पुटकुळी असेल तर घाबरू नका. बरेच दिवस उभी असलेली गाडी सुरू केल्यावर दोन-चार थेंब येऊन थांबणंही चालतं. पण इंजिन चालू असताना थेंबामागून थेंब येत असेल तर मेकॅनिकल सील गेलं. तेल येत असेल तर ऑइल सील. काही महाभाग हे भोक एपॉक्सी लावून बुजवतात! गळती थांबते खरी, पण मग कूलंट सरळ इंजिन ऑइलमध्ये जाऊ शकतं, आणि बेअरिंगचं काय होईल ते सांगायला नको. पंपाच्या कव्हरवर कूलंट काढायचा बोल्टही असतो, त्याचं तांब्याचं वायसर तेच परत बसवलं तर तिथूनही झिरपतं. पंपाला दोष द्यायच्या आधी तो बोल्ट पुसून बघा.

एवढं करूनही सापडलं नाही तर दाबाचा काटा असलेला, हवा भरायचा हातपंप. रेडिएटरच्या तोंडाला जोडायचा, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. इंजिन बंद आणि गार, म्हणून वाफ नाही, वारा नाही. जोडांना टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा, ओल आधी त्यावर उमटते. झाकणही त्याच पंपावर तपासून घ्या. काटा उतरतोय पण कागद सगळे कोरडे, असं झालं तर संशय आतल्या गळतीचा. तिच्या खुणा: तेलाच्या काचेत दुधाळ साय, टाकीत सतत बुडबुडे, गरम इंजिनाच्या सायलेन्सरमधून गोडसर पांढरा धूर. यातली साय नुसत्या छोट्या फेऱ्यांमुळेही धरते, दमट हवेने. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडाशी निळं रसायन धरून त्यातून वायू ओढतात, पिवळं पडलं तर हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्याच्या हेडमधलं सील, गेलं. ते काम वर्कशॉपचं.

मागून प्रश्न आला, गळतीबंद पावडर टाकावी का? रस्त्यात, मुक्कामाला पोचण्यापुरती, दुसरा इलाजच नसेल तर टाका. पण रेडिएटरच्या नळ्या बारीक असतात, ती पावडर गळणारं भोक आणि चांगली नळी यात फरक करत नाही. पोचल्यावर सगळं धुऊन काढा. निव्वळ पाणी घालून पोचता येत असेल तर माझ्या मते ते बरं. नंतर कूलंट बदलून टाका. आणि अजून एक, कुणी थेंब चाखून ओळखायचा सल्ला दिला तर ऐकू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. जमिनीवर सांडलेलंही लगेच धुवा, गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात.