झिपची यादी शेवटी असते

मित्रहो, झिप म्हणजे अनेक फायली आकसून एकत्र बांधलेली एक फाईल. ती उघडताना ‘फाईल खराब आहे’ असा संदेश आला की बहुतेक जण ती फाईल सरळ टाकून देतात. मला हे पटत नाही. झिप आतून कशी बांधलेली असते हे कळलं, तर यातल्या निम्म्याअधिक अडचणी आपल्याआपण सोडवता येतात.

झिपच्या अगदी सुरुवातीला दोन रोमन अक्षरं असतात, पी आणि के. ही फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या या प्रोग्रामरने १९८९ साली झिप बांधणारा पीकेझिप हा प्रोग्राम आणला आणि फॉरमॅटचे, म्हणजे फाईल बांधायच्या पद्धतीचे, नियम सर्वांसाठी खुले केले. त्या मोकळेपणाचं मोल फार मोठं आहे. आज वर्डची डॉक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स, अँड्रॉइड अ‍ॅपची एपीके, ईपब पुस्तकं या सगळ्या आतून झिपच आहेत. डॉक्स फाईलची एक प्रत काढा, तिच्या नावाचा शेवट बदलून झिप करा आणि उघडा. ‘वर्ड’ फोल्डरातल्या ‘मीडिया’मध्ये त्या मजकुरातली सगळी चित्रं सुटी मिळतील.

आता मुख्य गोष्ट. आत कोणकोणत्या फायली आहेत, त्या कुठून सुरू होतात, याची यादी झिपच्या शेवटी असते. पुस्तकाची अनुक्रमणिका मागच्या पानावर छापावी तशी. उघडणारा प्रोग्राम आधी तळाशी जातो, यादी वाचतो आणि मग हवी ती फाईल काढतो. म्हणून मोठ्या झिपमधूनही एकच फाईल पटकन निघते. आणि म्हणूनच ९९ टक्के उतरलेली झिपही उघडत नाही, कारण राहिलेल्या त्या टोकातच यादी असते. अशा वेळी आधी फाईलचा आकार मूळ आकाराशी ताडून पाहा आणि कमी असेल तर पुन्हा डाउनलोड करा. मूळ फाईल आता मिळणारच नसेल, तरी आशा सोडू नका. आतल्या प्रत्येक फाईलच्या आधीही तिच्या नावाची छोटी नोंद असते. दुरुस्तीचे प्रोग्राम त्या नोंदी वेचत पुढे जातात आणि पूर्ण उतरलेल्या फायली बऱ्याचदा बाहेर काढून देतात.

‘सीआरसी एरर’ हे प्रकरण वेगळं. यादी शाबूत आहे, पण आतल्या एखाद्या फाईलचा, तिच्या मजकुरावरून काढलेला पडताळा-आकडा जुळत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे तेवढी एक फाईल बिघडलेली असू शकते. बाकीच्या काढून घ्या.

विंडोजमध्ये झिपवर डबल-क्लिक केलं की ती साध्या फोल्डरसारखी दिसते आणि तिथेच घात होतो. आतली फाईल उघडली की तिची तात्पुरती प्रत उघडते. तासभर टाइप केलेलं त्या प्रतीत जातं आणि नंतर सापडत नाही. आधी राइट-क्लिक, ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, मग काम. झिपसारख्याच रार प्रकारातली फाईल ‘पार्ट १’, ‘पार्ट २’ अशा तुकड्यांत आली असेल, तर सगळे तुकडे एकाच फोल्डरात ठेवा आणि फक्त पहिला उघडा.

पासवर्डबद्दल थोडंसं. झिपचा पासवर्ड सहसा आतला मजकूर झाकतो, फायलींची नावं झाकत नाही. ‘अमक्याचा वैद्यकीय अहवाल’ हे नाव कुणालाही वाचता येतं. सेव्हन-झेड (झिपसारखाच आणखी एक प्रकार) आणि रार प्रकारात नावंही लपवता येतात. आणि रार फायलींसाठीचं विनरार हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते अद्ययावत ठेवा. त्यातला एक गंभीर दोष २०२३ मध्ये ६.२३ आवृत्तीत दुरुस्त झाला. त्याआधीच्या आवृत्तीत साधं चित्र उघडायला जावं आणि भलताच प्रोग्राम चालावा, असं घडवता येत होतं.

शेवटी आपल्या मराठीचा प्रश्न. संगणकात अक्षरं साठवायच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट (साठवणीचं छोटं एकक) घेतं. त्यातला पहिला बाइट सगळ्यांचा एकच आणि दुसरा दोनांपैकी एक. झिपमध्ये वापरली जाणारी, संशोधक लेम्पेल आणि झिव यांची १९७७ सालची पद्धत अशी पुनरावृत्ती हेरते आणि ‘इतकं मागे जा, तिथून इतकं उचल’ एवढीच खूण ठेवते. त्यावर हफमन यांची १९५२ सालची युक्ती वारंवार येणाऱ्या गोष्टींना आखूड संकेत देते. म्हणून आपला मजकूर झिपमध्ये छान आकसतो. जेपेग फोटो मात्र आधीच आकसलेले असतात, त्यांच्यात फारसा फरक पडत नाही.

पण त्याच बाइटांमुळे मराठी नावांचे हाल होतात. झिपचा जन्म आयबीएम पीसीच्या जुन्या अक्षरसंचातला (कोणत्या बाइटला कोणतं अक्षर, हे ठरवणारी यादी). नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असं सांगणारी खूण २००६ मध्ये नियमांत आली आणि काही प्रोग्राम ती लावत नाहीत. मग उघडणारा जुना संच धरून वाचतो आणि ‘हजेरी’च्या जागी ग्रीक आल्फा व डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन यांची रांग दिसते. ती जोडी पुन्हा पुन्हा दिसली की नाव देवनागरीत होतं असं खुशाल समजा. आतला मजकूर सुखरूप असतो. पाठवणाऱ्याला तेच फोल्डर सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरने पुन्हा बांधायला सांगा. ते देवनागरी नावांना ही खूण लावतं.