दहा हजार जोड्यांचं कुलूप

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्या मोबाईलचा पिन चार आकडी आहे का? असेल, तर त्याच्या एकूण जोड्या होतात दहा हजार. आयफोनला एक पिन तपासायला सेकंदाचा साधारण बारावा भाग लागतो, म्हणजे यंत्र लावलं तर सगळ्या जोड्या तेरा-चौदा मिनिटांत संपतात. तरी फोन सुरक्षित राहतो, कारण पिन चुकत गेला की तो थांबायला लावतो आणि तशी सोय चालू असेल तर दहाव्या चुकीनंतर आतलं सगळं पुसून टाकतो.

ही राखणच काढून द्या, अशी मागणी २०१६ साली अमेरिकेच्या एफबीआयनं अ‍ॅपलकडे केली. कारण गंभीर होतं. २ डिसेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत दोघा हल्लेखोरांनी १४ जणांना ठार मारलं होतं. त्यांतल्या एकाचा, नोकरीत मिळालेला आयफोन तपास यंत्रणेच्या हाती लागला होता, पण उघडत नव्हता. १६ फेब्रुवारीला न्यायालयानं, थेट १७८९ च्या कायद्याच्या आधारे, अ‍ॅपलला मदतीचा आदेश दिला. अ‍ॅपलनं नकार दिला.

ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना तो नकार किती लागला असेल! काही कुटुंबं सरकारच्या बाजूनं उभी राहिली, आणि ते मला समजतं. पण त्याच हल्ल्यात जखमी झालेल्या एका बाईंच्या नवऱ्यानं न्यायाधीशांना पत्र लिहून अ‍ॅपलची बाजू घेतली. मलाही तीच बाजू पटते. मागितलेली किल्ली एका फोनपुरती आहे असं सांगितलं जात होतं, पण ती घडवायची विद्या एकदा तयार झाली की पुढचा अधिकारी, पुढचं सरकार, एखादा चोरसुद्धा ती मागणार किंवा पळवणार. शेवटी २८ मार्चला सरकारनं सांगितलं, की बाहेरच्या कुणाच्या तरी मदतीनं फोन उघडला, आणि खटला मागे घेतला. मूळ प्रश्नाचा निकाल लागलाच नाही.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि गरजेपुरतंच पाऊल हवं. एका फोनसाठी सगळ्यांची कुलपं सैल करणं गरजेपुरतं कसं म्हणायचं?

आणि हो, पिन सहा आकडी केलात तर त्याच यंत्राला तेरा मिनिटांऐवजी बावीस तास लागतील. आज झोपण्याआधी तेवढं करा.

नमस्कार.